राजीखुशीने

८ डिसेंबर, सोमवार

समाजशास्त्राच्या तासाला आज कोणी झोपलं नाही. नोंद करून ठेवावी अशी गोष्ट!

शेफाली मॅडमनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं, बुधवारी प्रत्येकाने घरातला एक कागद आणायचा. खाली कुणाची तरी सही लागते असा. भाडेपावती, लग्नाचा दाखला, नोकरीचं पत्र, काहीही. वर्गात उभं राहून तो मोठ्याने वाचायचा आणि जिथे जीभ अडखळेल तिथे थांबायचं. मग त्या शब्दावर तास. तुमच्या आईवडिलांनी आयुष्यभर न वाचता सह्या केल्यात, म्हणाल्या, निदान तुम्ही वाचायला शिका.

मागून कुणीतरी विचारलं, बोर्डाला येणार का हे? मॅडम म्हणाल्या, नाही, म्हणूनच नीट शिकवणार आहे. बारावीचं वर्ष, जानेवारीत प्रिलिम, आणि या बाईला असलं सुचतं. मला आवडते ही बाई.

९ डिसेंबर, मंगळवार

आईकडे कागद मागितला. रेशनकार्ड ने, म्हणाली. रेशनकार्ड सगळेच आणणार! म्हणून टीव्हीखालचा खण उपसला. लाईट बिलांवर एक नवाकोरा प्रिंट पडला होता. वर ठळक अक्षरांत — हक्कसोडपत्र. लिहून घेणार: जयवंतमामा. लिहून देणार: आई.

आईचे बाबा, म्हणजे आमचे कणकवलीकडचे आजोबा, शिमग्याच्या आधी गेले. गावचं घर आणि मागची काजूची बाग, दोन्हीला वारस म्हणून आजीचं, मामाचं आणि आईचं नाव लागलं; आजीने तिचा हिस्सा आधीच मामाला लिहून दिलाय. मामाला तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. बँक म्हणते, एकच नाव हवं. मग कुणाचं नाव काढायचं, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मामाने मसुदा बाबांना मोबाइलवर पाठवला, बाबांनी खाली जाऊन प्रिंट काढला, आणि ठेवून दिला टीव्हीखाली. शनिवारी वीस तारखेला मामा येणार, रविवारी आईला घेऊन गावी जाणार, सोमवारी निबंधकाच्या ऑफिसात सही. सगळं ठरलेलं!

आईला विचारलं, तुला माहीत होतं? भाजी निवडता निवडता हो म्हणाली. कुणी विचारलं तुला? त्यात विचारायचं काय, म्हणाली, सगळ्याच बहिणी करतात. भाऊ साडी घेतो, आवडीचं जेवण करतो, माहेर उघडं राहतं.

डोकं फिरलं माझं. कागद दप्तरात टाकला. विचारलं नाही. मला तरी कोण विचारतं?

१० डिसेंबर, बुधवार

आजचा दिवस सगळा लिहून ठेवणार.

पहिला तास राज्यशास्त्राचा. सरांनी मूलभूत हक्क लिहून दिले, आम्ही लिहून घेतले. बाहेर टॉवरच्या पायाचं काम चालू — ठण, ठण, ठण. समानतेचा हक्क त्यात बुडाला. पुन्हा सांगा म्हटलं तर सर म्हणाले, नोट्स ग्रुपवर टाकतो. मग अर्थशास्त्र. त्याबद्दल काही लिहीत नाही.

तिसरा मॅडमचा. बावीस रेशनकार्डं निघाली! मॅडमनी ती सगळी एका बाजूला ठेवली. मयूरने बोटीच्या लायसनची झेरॉक्स आणली होती. तो कफ परेडच्या मच्छीमार नगरातून येतो, रोज उशिरा, रोज नवं कारण घेऊन. त्याने वाचलं आणि 'मालकाचे नाव' इथेच अडखळला. म्हणाला, मासळी विकते आजी, डिझेलचं बघते आजी, खलाशांना शिव्या घालते आजी, आणि नाव आजोबांचं, ते तर बोट लागते म्हणून समुद्रातच जात नाहीत. वर्ग हसून हसून आडवा. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं — राबतं कोण, नाव कुणाचं.

मग मॅडमनी 'पूर्वी' अशी माझ्या नावाने हाक मारली आणि मी उभी राहिले.

"मी माझ्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता, कोणताही मोबदला न घेता, केवळ बंधुप्रेमापोटी..." — इथे थांबले. जीभ अडखळली नव्हती.

मॅडमनी विचारलं, का थांबलीस? मी म्हटलं, हे आईने लिहिलेलं नाही. तिच्या तोंडी घातलंय. ती कधी राजी झाली, कधी खुश झाली, मी तिच्याच घरात राहते ना!

मॅडमनी सगळ्या वर्गाला विचारलं, की घरात कुणी असा कागद पाहिलाय का, ज्यात भावाने 'भगिनीप्रेमापोटी' आपला हिस्सा सोडलाय? बेचाळीस जण. एक हात वर नाही. मग त्यांनी कायदा सांगितला. मुलीचा हिस्सा मुलाएवढाच. लग्न झालं म्हणून जात नाही, साडी घेतली म्हणून जात नाही, सोडला तरच जातो. आणि सोडायचा की नाही हे फक्त तिने ठरवायचं. दोन्हीपैकी काहीही ठरवलं तरी कायद्याला चालतं, म्हणाल्या, पण ठरवलं पाहिजे.

तास संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं आणि विचारून टाकलं, मॅडम, तुम्ही केलीत सही? चष्मा काढून पुसला त्यांनी. "केली. वीस वर्षं झाली. त्या दिवशी जेवण फार छान होतं." आणि स्टाफरूममध्ये निघून गेल्या.

आमची आई करणार नाही. लिहून ठेवते इथे. करणार नाही!

११ डिसेंबर, गुरुवार

कुणीतरी माझ्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. आमच्याच चाळीतली एक मुलगी आहे ग्रुपवर. संपलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मी नळावरून हंडा घेऊन येईपर्यंत बाबांना तीन जणांनी विचारलं होतं, काय लहू, मेव्हण्याबरोबर कोर्टकचेरी चाललीय म्हणे?

बाबा ओरडत नाहीत कधी. टॉवरमधल्या लिफ्ट दुरुस्त करतात, दिवसभर माणसं अडकू नयेत म्हणून बघतात, घरी आले की गप्प. आज ओरडले. घरातलं चव्हाट्यावर मांडलंस. कॉलेजात तुला शिकायला पाठवतो की घर फोडायला? मी म्हटलं, हेच शिकवतात. मग बाबा म्हणाले, त्या मॅडमना येऊन भेटतो. मी म्हटलं, जरूर या, त्यांना पालक भेटायला आलेले आवडतात. कानाखाली बसायचीच होती. आई मध्ये आली.

माफी मागणार नाही. फोटो मी टाकला नाही. कागद नेला तो माझ्या आईचा होता, आणि तो तिला न विचारताच टीव्हीखाली ठेवून दिला होता.

नंतर बाबा शांतपणे एवढंच म्हणाले, एकदा हे सुरू झालं की कुठे थांबायचं ते तुला ठाऊक नाही. मी म्हटलं, थांबायचंच नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

आई माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, वेणी घालते. फक्त त्या विषयावर नाही. विषय काढला की तिला लगेच काहीतरी धुवायचं असतं.

१४ डिसेंबर, रविवार

आईला पटवायला कुणीतरी मोठं माणूस हवं. म्हणून काशीआत्याला फोन केला. बाबांची मोठी, एकुलती एक बहीण. नालासोपाऱ्याला एकटी राहते, पोळ्या लाटून देते, कुणाचं ऐकून घेत नाही. मागे सिलिंडरवाल्याला तिने तीन मजले खाली पळवला होता. माझ्या बाजूने कोण उभं राहील तर हीच, असं मला वाटलं.

सगळं सांगितलं. कायदा सांगितला, कलमासकट. पलीकडे नुसतं लाटणं चाललेलं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. म्हटलं, आत्या, तू आईला सांग ना, सही करू नको म्हणून. तुझं ऐकेल ती.

"पूर्वी, माका ह्यात ओढू नको गो." एवढंच. मग विचारलं, अभ्यास कसा चाललाय, जेवलीस का. मी फोन ठेवला.

सिलिंडरवाल्यासमोर वाघीण, आणि इथे? सगळ्या सारख्याच! कुणाला तरी एकदा तोंड उघडून 'मला हवं' म्हणता येत नाही का? मला येतं. मी म्हणणार. आयुष्यभर म्हणणार.

१५ डिसेंबर, सोमवार

मॅडमनी वर्गात कोर्ट भरवलं. खटला माझाच, नावं बदलून. बहिणीची वकील मी. भावाचा वकील — मयूर! मुद्दाम दिला त्यांनी, मला माहीत आहे.

मी जोरात सुरुवात केली. घटना, वारसा कायदा, सगळं. टाळ्या पडल्या. मग मयूर उठला, शर्ट खोचला (पहिल्यांदाच), आणि एकही कलम न सांगता बोलायला लागला. म्हातारा आजारी पडला तेव्हा त्याला गाडीत घालून दवाखान्यात कोणी नेलं? विहिरीतला गाळ कोणी काढला? म्हातारीला आजही अंघोळीचं पाणी कोण देतं? बहीण मे महिन्यात रिकाम्या पिशव्या घेऊन येते आणि भरलेल्या घेऊन जाते. तेव्हा हिश्शाचं बोलत नाही. आणि आता कायदा?

सगळं खरं होतं. मामा आजीचं सगळं करतो. मामी करते. आम्ही फणस, कोकमं आणि काजू घेऊन येतो. वर्ग माझ्याकडे बघत होता आणि बाहेर ते ठण ठण चालूच.

मग सुचलं. मी म्हटलं, भावाने एवढं केलं असेल तर त्याने ते बहिणीसमोर बसून बोलावं. मागावं. ती देईलही कदाचित. पण मागावं लागू नये म्हणून सगळं आधीच टाइप करून आणलं, याला प्रेम म्हणत नाहीत. ती नाही म्हणू शकते, एवढं तरी तिला माहीत हवं.

मॅडम न्यायाधीश होत्या. निकाल राखून ठेवला, म्हणाल्या, आणि हजेरी घ्यायला लागल्या.

मयूर नंतर कँटीनमध्ये म्हणाला, सॉरी यार, मला दिलेली बाजू मांडली. मी म्हटलं, चांगली मांडलीस, म्हणूनच राग आलाय. त्याने वडापाव पुढे केला. घेतला. राग तसाच आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

चार दिवस राहिले. आईने गावी न्यायची बॅग माळ्यावरून काढली.

१७ डिसेंबर, बुधवार

कॉलेजातून आले तेव्हा बाबा कामावर होते. मी मसुदा आईसमोर ठेवला आणि सांगितलं, सही करायची तर कर, पण आधी मोठ्याने वाच. आमच्या वर्गात वाचतात तसा. अडखळशील तिथे थांब.

मला वाटलं, नाही म्हणेल. हात पदराला पुसून बसली. दहावी पास आहे आई, वाचते छान. राजीखुशीने वाचलं, अक्कलहुशारीने वाचलं, बंधुप्रेमापोटी वाचलं, शेवटच्या साक्षीदारांपर्यंत गेली, कुठेही न थांबता. पाढे म्हणावे तसं! काहीच कसं टोचत नाही हिला?

मग मी नको ते बोलले. तू घाबरट आहेस. तुला भावाची भीती वाटते, बाबांची वाटते, चाळीची वाटते, आणि उद्या माझं लग्न झालं की मीही तुझ्यासारखीच कुठल्यातरी कागदावर सही करावी असं तुला वाटतं.

आई चिडली नाही. कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "भीती नाही गं," म्हणाली. "मागायला तोंड नाही मला."

म्हणजे काय? विचारलं. पण तोवर कुकरची शिटी झाली आणि ती उठली. हे काय उत्तर झालं! स्वतःच्या वडिलांच्या घरात मागायला तोंड नाही? कोणी शिवलं ते तोंड?

१८ डिसेंबर, गुरुवार

मॅडमना म्हटलं, मी हरले. त्या म्हणाल्या, तारीख कधीची आहे? सोमवारची. मग अजून हरली नाहीस.

२० डिसेंबर, शनिवार

मामा सकाळी आला. आजीने दिलेली कुळथाची पिठी, तांदूळ आणि एक साडीचा बॉक्स. मोरपंखी, आईचा आवडता रंग. हे त्याला आठवतं! वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

बाबांनी सुट्टी घेतली होती. चहा झाला, आजीच्या गुडघ्यांचं झालं, आमच्या चाळीच्या जागी टॉवर कधी येणार ते झालं. मग मामाने पिशवीतून कागद काढला, त्याची स्वतःची प्रत. उद्याच्या गाडीची तिकिटं दाखवली. मी दाराशी उभी होते. बाबांनी मला नजरेने सांगितलं, बाहेर जा. गेले नाही.

आईने साडी हातात घेतली, पोत बघितला, बॉक्समध्ये नीट ठेवली आणि झाकण लावलं.

"जयवंता, ह्या फेरीत नको. मी आता सही करूचंय नाय."

मामा आधी हसला. त्याला वाटलं, तिला बरं नाही. मग समजलं. माझ्याकडे बघून म्हणाला, चेडू कॉलेजात जाता म्हणान घरात कोर्ट इला काय? मी तोंड उघडलं, पण आईने हात वर केला. मामाचा आवाज चढला. बाबांनी पण त्याचीच री ओढली, अगं एवढा लांबून आलाय, तिकिटं काढलीत. मामाने शेवटी विचारलं, "तुका माहेर होया काय जमीन होयी, ता सांग."

आईचे डोळे भरले. पण आवाज हलला नाही. म्हणाली, दोन्ही माझंच आहे, आणि त्यातलं तुला काय द्यायचं ते मी येऊन, तुझ्यासमोर बसून सांगेन. आईचं तू करतोस, मला ठाऊक आहे, ते मी विसरणार नाही. पण आधी मला दुसरीकडे जायचंय. ते झाल्याशिवाय मला तुझ्याशी बोलता येणार नाही.

मामा न जेवता गेला. सोलकढी तशीच राहिली. साडी त्याने नेली नाही, आईने ठेवली नाही, ती अजून टेबलावर आहे.

बाबा गॅलरीत उभे. चाळीत सगळ्यांनी ऐकलं असणार. ऐकू दे! आमच्या आईने नाही म्हटलं. माझ्या आईने! मॅडमना मेसेज टाकला — निकाल लागला. त्यांनी एक साडी नेसलेल्या बाईचं चित्र पाठवलं, नाचणारं.

२१ डिसेंबर, रविवार

आईला सकाळी विचारलं, दुसरीकडे म्हणजे कुठे जायचंय? काशीताईंकडे, म्हणाली.

इकडचे आजोबा, म्हणजे बाबांचे बाबा, गेले तेव्हा आत्या इथेच, याच खोलीत राहत होती. तिचा नवरा वारला होता, जायला दुसरी जागा नव्हती. भाडेपावती बाबांच्या एकट्याच्या नावावर व्हावी म्हणून तिची सही घेतली. राजीखुशीने, बंधुप्रेमापोटी, सगळं तेच. साक्षीदार आई. त्या दिवशी आईने पुरणपोळ्या केल्या होत्या आणि पुढच्या महिन्यात आत्या नालासोपाऱ्याला गेली. "तू दोन वर्षांची होतीस," आई म्हणाली. "जागा पुरत नव्हती. सही घ्यायची, हे मीच बाबांच्या डोक्यात घातलं."

टॉवर झाला की या खोलीचा फ्लॅट मिळेल. त्यात तिचा हिस्सा आहे, हे आई तिला आज सांगणार आहे. बाबा कालपासून आईशी बोललेले नाहीत.

मी म्हटलं, पण आई, ते वेगळं होतं ना?

काय वेगळं होतं, सांग, म्हणाली. चप्पल घालून दारात उभी आहे ती, अजून थांबलीय उत्तरासाठी. मला सांगता येत नाही.

आत्याला फोन केलेला नाही, केला तर ती नको म्हणेल. मला जायचं नाही. जातेय.